दूरदेशीच्या पेठा : जशी होती तशी

अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या जाहिरातींत एक वाक्य इतक्या वेळा येते की तेथील लोकांनी त्याचा विनोदच करून टाकला आहे. ‘उभी केली तेव्हा चालत होती.’ या वाक्यात खोटे काही नसते. गाडी उभी केली त्या दिवशी ती खरोखरच चालत असेल. परंतु तो दिवस तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा होता, तेव्हापासून ती शेतावरच्या लाकडी कोठारात पडून आहे, टाकीतल्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर झाला आहे, गाद्यांच्या कापसात उंदरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत आणि तळाच्या पत्र्यातून खालची माती दिसते आहे, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. व्यापारात मुरलेल्या वाचकांना ही भाषा परकी वाटू नये. शब्दशः खरे बोलून खोट्याचा लाभ पदरात पाडून घेणारी वाक्ये प्रत्येक पेठेत असतात.

या महिन्यात आपण ज्या पेठेत फेरफटका मारणार आहोत ती ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन मोटारींची. १९६४ ते १९७२ या आठ-नऊ वर्षांत घडलेला हा माल आज तेथे सोन्याच्या भावाने विकला जातो, आणि त्याच मालाचा गंजलेला सांगाडा घेऊन एखादे कुटुंब वर्षानुवर्षे पस्तावतही बसते. मला मोटारींचे वेड नाही. या पेठेने माझे लक्ष वेधले ते तिच्या मालामुळे नव्हे, तर माल पारखण्याच्या तिच्या रीतीमुळे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, साध्या घडणीची, बेताच्या किमतीची दोन दारांची गाडी. आणि तिच्या पोटात कंपनीने आपल्या सर्वांत अवजड गाडीसाठी तयार केलेले आठ सिलिंडरांचे इंजिन. वळणावर ती डगमगते, तिचे ब्रेक तिच्या वेगाला पुरे पडत नाहीत आणि पेट्रोल तर ती पाण्यासारखे पिते. सरळ रस्त्यावर मात्र सुटलेल्या बाणासारखी जाते. विशी-पंचविशीतल्या तरुणांसाठी ती होती आणि त्यांच्याच खिशाचा अंदाज घेऊन तिची किंमत ठरली होती.

मालाची ही जात एका पळवाटेतून जन्मली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्स कंपनीचा अंतर्गत नियम होता. कंपनीच्या पॉन्टियाक विभागाचे तेव्हाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी टेम्पेस्ट या शांत स्वभावाच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून पाहिले. नवे मॉडेल म्हणून ते वरिष्ठांपुढे नेले असते तर नियम आडवा आला असता. म्हणून १९६४ साली त्यांनी ते टेम्पेस्टच्या ‘लेमान्स’ आवृत्तीवर ऐच्छिक जोडसामान म्हणून यादीत घातले, आणि त्याला जीटीओ हे नाव दिले. गिऱ्हाइकाने तीनशे डॉलरांच्या आत अधिक रक्कम मोजली की साधी लेमान्स जीटीओ होऊन येई. पाच हजार तरी खपतील का, अशी विक्रीखात्याला शंका होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. मग काय, सगळेच या धंद्यात उतरले. शेव्हरोलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची बाराकुडा. मस्टँग आणि कॅमारो या खरे तर आकाराने लहान गाड्या. परंतु मोठ्या इंजिनाच्या असल्या की पेठ त्यांनाही याच पंगतीत बसवते.

‘ऐच्छिक जोडसामान’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. साठ वर्षांनंतर या पेठेत जी भानगड होते तिचे बीज त्या शब्दात आहे.

या गाड्यांचा बहर दहा वर्षेही टिकला नाही. तरुण चालकांच्या हाती एवढे बळ पाहून विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी इंजिनांची शक्ती उतरू लागली. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि उरलेसुरले संपले. कालची ऐट आज दारात उभी असलेली उधळी सून ठरली. कवडीमोलाने विकल्या जाऊन या गाड्या पोरासोरांच्या हाती गेल्या. त्यांनी त्या पळवल्या, आपटल्या, इंजिने फोडली, दुसरी बसवली, रंग बदलले आणि शेवटी भंगारात घातल्या. अठराव्या वर्षी ज्याला ती गाडी परवडली नव्हती तो पंचेचाळीशी-पन्नाशीत हाती पैसा घेऊन तिच्या शोधात निघाला, तेव्हा चांगला माल फारसा उरला नव्हता. भाव चढत गेले. २००६-०७च्या सुमारास ते शिगेला पोहोचले, २००८च्या आर्थिक संकटात कोसळले आणि पुढे पुन्हा सावरले. २०१४ साली सिअ‍ॅटल येथील लिलावात १९७१ची एक उघड्या टपाची ‘हेमी कुडा’ ३५ लाख डॉलरांना गेली. त्या वर्षी तशा गाड्या अवघ्या ११ बनल्या होत्या, आणि ते हेमी इंजिन तेव्हा ९०० डॉलरांच्या आसपास अधिक रक्कम देऊन कोणालाही घेता येत होते.

या पेठेत मालाच्या तीन मुख्य प्रती आहेत. सर्वांत खाली ‘प्रकल्प’. हा शब्द विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो गंजका सांगाडा, चार खोक्यांत भरलेले सुटे भाग आणि एक स्वप्न एवढाच असतो. त्याच्या वर जीर्णोद्धार केलेली गाडी. आपण हा शब्द देवालयांसाठी वापरतो, पण इथेही तोच चपखल बसतो : सगळे उसवून, सडलेले काढून, नवे घालून मूळ रूप पुन्हा उभे करणे. आणि तिसरी प्रत म्हणजे तगलेली गाडी. जिला कोणी उघडले नाही, रंगवले नाही, सुधारले नाही. जी कारखान्यातून निघाली ते अंगावरचे कपडे अजून घालून आहे. रंग विटलेला, गादी एका बाजूला झिजलेली, पण सारे मूळचे. पूर्वी तिला जीर्णोद्धाराचा कच्चा माल समजत. गेल्या तीसेक वर्षांत पेठेचे मत पालटले आणि आज उत्तम तगलेल्या गाडीला पुष्कळदा चकचकीत जीर्णोद्धारापेक्षा अधिक मान मिळतो. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकासारख्या जुन्या संस्थेच्या प्रदर्शनांतही मूळ अवस्था जपलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग असतो.

हे मत का पालटले, ते कळण्यासाठी जीर्णोद्धाराचा हिशेब पाहावा लागतो.

मिशिगन, ओहायो या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाखाली बसते आणि पत्रा आतून खाते. वर रंग सुरेख दिसतो, खाली चाळण झालेली असते. टपावर शोभेसाठी चिकटवलेले रेक्झिनचे आच्छादन हा दुसरा शत्रू. त्याच्याखाली ओल साचते आणि मागच्या काचेभोवतीचा पत्रा कुजतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक ॲरिझोना-कॅलिफोर्नियातली कोरड्या हवेची गाडी शोधतो. तिथल्या उन्हाने गाद्या फाटलेल्या आणि समोरचा तक्ता तडकलेला असतो, पण गादी नवी शिवता येते. कुजलेली चौकट सरळ करणे हा वेगळाच खर्च. असा गिऱ्हाईक खिशात लहानसे लोहचुंबक बाळगतो. दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकावरच्या कमानीला तो ते हळूच लावून पाहतो. चुंबक चिकटले तर पत्रा आहे. घसरून पडले तर आत पुट्टी भरलेली आहे. शेकडो डॉलरांच्या यंत्रांनी रंगाची जाडी मोजणारेही आहेत, पण काही आण्यांच्या चुंबकाने जे सांगितले त्याला अपील नाही.

आता समजा, प्रकल्प घेतला. सांगाडा मोठ्या फिरत्या चौकटीवर अडकवून उलटा-सुलटा करतात, जुना रंग नि गंज खरवडून पत्रा उघडा करतात, आणि तेव्हा कळते की जे दोन ठिकाणी सडले आहे असे वाटले होते ते बारा ठिकाणी सडले आहे. मस्टँग आणि कॅमारो यांचे जवळजवळ सर्व भाग आज नव्याने बनतात. काही मॉडेलांचे तर अखंड नवे शरीरसुद्धा विकत मिळते. परंतु कमी खपाच्या गाडीचा एखादा लहानसा दिवा किंवा पट्टी शोधण्यात वर्षे जातात. कारागिराची मजुरी तासावर, आणि तास हजारांत. पूर्ण जीर्णोद्धाराला एक लाख डॉलर सहज लागतात, मग गाडी दुर्मीळ असो की सामान्य. पत्रा ठोकणाऱ्याला गाडीची जात दिसत नाही. सामान्य गाडीवर एवढा खर्च केल्यावर ती विकली जाते त्याच्या अर्ध्यात. म्हणूनच त्या पेठेत जुनी माणसे नवख्याला सांगतात : जीर्णोद्धार करू नकोस, दुसऱ्याने केलेला विकत घे. त्याचा तोटा हाच तुझा नफा. सल्ला कोरडा आहे, पण हिशेबाने चुकीचा नाही.

उत्तम कारागिरांची निष्ठा मात्र पाहण्यासारखी. त्या काळी कारखान्यात पट्ट्यावरून गाड्या झपाट्याने सरकत. तपासनीस खडूने खुणा करीत, रंगाचे ओघळ राहत, बंपरामागे रंगाचा फवारा जेमतेम पोहोचे. आजचा निष्ठावंत कारागीर त्या खुणा त्याच जागी, त्याच रंगाच्या खडूने पुन्हा काढतो. तो ओघळसुद्धा मुद्दाम उतरवतो. कारखान्याची घाई तो सावकाशीने, महिना महिना खपून नक्कल करतो. (आमच्या एका स्नेह्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, “एवढ्या कष्टांत त्याने नवी गाडी काढली असती!” त्यांचेही खरेच.) पण खुणा कोठे होत्या, ओघळ कसा होता, हे तो कोठून शिकतो? ज्या गाडीला कोणी हात लावला नाही, तिच्याकडून. जुन्या ग्रंथाच्या शंभर नकला असतील, परंतु पाठभेद उद्भवला की मूळ पोथी उघडावी लागते. तगलेली गाडी ही या पेठेतली मूळ पोथी आहे. तिला रंगवून चकाचक करणे म्हणजे पोथीवर नव्या शाईने अक्षरे गिरवणे. गाडी कितीही वेळा नवी करता येते. मूळची मात्र ती एकदाच असते.

आता त्या ऐच्छिक जोडसामानाकडे वळू. १९६४ आणि १९६५ सालच्या जीटीओच्या चासी क्रमांकावरून ती जीटीओ आहे हे कळत नाही. साध्या लेमान्सचा आणि तिचा क्रमांक एकाच घाटाचा. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि क्रमांकातच तिची ओळख आली. १९७०च्या शेव्हेलचे तर आणखी कठीण. तिच्यात ४५४ घनइंचांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन घातलेली आवृत्ती लाखोंना जाते, पण क्रमांक एवढेच सांगतो की गाडी आठ सिलिंडरांची आहे. याउलट क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बोलक्या. १९७१च्या त्या महागड्या कुडाचा क्रमांक बी-एस-२७-आर-१-बी असा सुरू होतो. बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे तिची वरची प्रत, २७ म्हणजे उघडे टप, आर म्हणजे हेमी इंजिन, १ म्हणजे १९७१, आणि शेवटचा बी म्हणजे डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅमिकचा कारखाना. पाचव्या जागेवरचे ते एक अक्षर वेगळे असते तर किमतीतले लक्षावधी डॉलर गळून पडले असते.

जिथे एका अक्षराला एवढे मोल, तिथे अक्षर कोरणारेही निर्माण होणार. चासी क्रमांकाची पट्टी काढणे वा बदलणे हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. म्हणून लबाडीचा रोख बहुधा इंजिनाकडे असतो. मूळ इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, आणि दोन्ही जुळले तर गाडी ‘जुळत्या क्रमांकांची’ ठरते. मूळ इंजिन केव्हाच फुटलेले असते. लबाड माणूस त्याच जातीचे दुसरे इंजिन आणतो, त्यावरचा क्रमांक घासून टाकतो आणि हवा तो ठोकतो. पारख करणारे मग भिंग घेऊन त्या सपाट जागेकडे पाहतात. कारखान्यातल्या यंत्राने तो पृष्ठभाग कापताना बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. घासताना त्या जातात, आणि कागदाने घासून उमटवलेल्या नव्या रेघा डोळ्याला वेगळ्या दिसतात. पुढे इंजिनाच्या ओतीव भागावर तारखेची खूण असते. गाडी मार्चमध्ये जुळवलेली आणि इंजिन मेमध्ये ओतलेले, असे होऊ शकत नाही. खिडक्यांच्या काचांवरसुद्धा तारखेच्या बारीक खुणा असतात. खोटे बोलणाऱ्याला सगळ्यांचीच साक्ष जुळवावी लागते, आणि एखादा साक्षीदार तो विसरतोच.

यापुढचा आधार कागदांचा. फोर्डने आपल्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी केव्हिन मार्टी या अभ्यासकाच्या हवाली केल्या आहेत. चासी क्रमांक कळवला की गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनाने, कोणत्या दुकानदाराकडे गेली, याचा अहवाल मिळतो. पॉन्टियाकच्या जुन्या बिलांच्या नकला पुरवणारी संस्था आहे, आणि ‘६४च्या जीटीओचा न्याय तिथेच होतो. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या गाड्यांची अशी नोंदच मागे उरलेली नाही. म्हणून त्या गाडीच्या मालकाने पहिल्या दिवसाचे बिल जपले असेल तर त्या पिवळ्या चिठोऱ्याला एखाद्या इंजिनाची किंमत येते. आणि एक गंमत. गाडी जुळवताना तिच्यात काय काय घालायचे त्याचा छापील तक्ता कामगारांच्या हाती असे. काम झाले की तो कोठेतरी कोंबून देत, पुष्कळदा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांमध्ये. पन्नास वर्षांनी गादी उचकटताना तो सापडतो आणि घरात दिवाळी होते.

साध्या गाडीत मोठे इंजिन घालून, पट्टे रंगवून, मानाच्या गाडीसारखी दुसरी तयार करणे यात मुळीच पाप नाही. उघडपणे ‘प्रतिकृती’ म्हणून ती विकली जाते, आणि चालवण्याची हौस असलेल्याने तीच घ्यावी असे मला वाटते. वाईट गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या हाती घडते. पहिला विकणारा प्रतिकृती म्हणून विकतो, दुसरा त्याविषयी काही बोलत नाही आणि तिसरा तिला अस्सल म्हणतो. प्रत्येक जण आपण खोटे बोललो नाही अशा समजुतीत असतो. आपल्याकडे जडजवाहिराचा व्यापार करणाऱ्यांना ही साखळी पाठ आहे.

याच पेठेतली एका दुकानदाराची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावी फ्रेड गिब यांचे शेव्हरोलेचे दुकान होते. त्यांना शर्यतींचा नाद. १९६९च्या मोसमासाठी त्यांनी कंपनीच्या मुख्य कचेरीमार्फत खास मागणी नोंदवून ५० कॅमारो सांगितल्या, कारण शर्यतीच्या नियमाप्रमाणे निदान ५० गाड्या बनणे आवश्यक होते. त्यांत ४२७ घनइंचांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे ‘झेडएल-१’ इंजिन बसवायचे होते. साधी आठ सिलिंडरांची कॅमारो तेव्हा २,७०० डॉलरांच्या आसपास मिळे. डिसेंबर १९६८च्या अखेरीस गाड्या येऊ लागल्या आणि बिल पाहून गिब यांच्या पायाखालची जमीन सरकली : प्रत्येक गाडी ७,२०० डॉलरांच्या घरात. एकट्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर. कंपनीने अशा खास इंजिनांच्या घडणीचा सारा खर्च आता गिऱ्हाइकाच्या माथी मारला होता. खेडेगावातल्या दुकानात एवढ्या भावाला गाडी कोण घेणार? तेरा विकल्या गेल्या. उरलेल्या ३७ अखेर कंपनीने परत घेऊन देशभरच्या इतर दुकानदारांकडे धाडल्या. इतर दुकानदारांनी मागवलेल्या धरून एकूण ६९ गाड्या बनल्या. कित्येक ठिकाणी त्या विकल्याच जाईनात, तेव्हा दुकानदारांनी ते महाग इंजिन काढून वेगळे विकले आणि गाडीत स्वस्त इंजिन घालून ती कशीबशी उजवली. त्यांना दोष देता येत नाही. पडलेल्या मालावर व्याज चढत होते. परंतु आज त्या ६९पैकी जिच्यात तिचेच मूळ इंजिन आहे अशी गाडी निघाली तर अनेक लाख डॉलरांपासून बोली सुरू होते. गोदामात न खपलेल्या मालाकडे पाहून ज्यांनी कधी उसासा टाकला असेल त्या वाचकांनी हवा तो बोध घ्यावा. मला स्वतःला त्यात नशिबापलीकडे काही दिसत नाही. आणि ते नशीब गिब यांच्या वाट्याला आलेच नाही.

तगलेल्या गाड्यांत सर्वांत गाजलेली आहे १९६८ची एक हिरवी मस्टँग. स्टीव्ह मॅक्वीन यांच्या ‘बुलिट’ चित्रपटातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरील पाठलागासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या, आणि त्यांचे चासी क्रमांकही लागोपाठचे, एकीचे शेवटचे आकडे ५५८ आणि दुसरीचे ५५९. नायकाची ५५९ दोन हातांतून जाऊन १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने ६,००० डॉलरांना घेतली. घरातल्या शिक्षिका असलेल्या गृहिणी ती घेऊन रोज शाळेत जात. १९७७ साली खुद्द मॅक्वीन यांनी पत्र लिहून गाडी परत मागितली. बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देण्याची तयारीही दाखवली. कुटुंबाने दाद दिली नाही. १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी जी उभी राहिली ती दशकानुदशके. वडील २०१४ साली वारले. मुलाने इंजिन चालते केले, पण अंगाला हात लावला नाही. विटलेला हिरवा रंग, गंजाचे डाग, चित्रीकरणाचा कॅमेरा बसवण्यासाठी तळाशी जोडलेले लोखंडी कान, सारे तसेच. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी येथे लिलावात तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली. लिलावदाराच्या दलालीसह घेणाऱ्याला ती ३७ लाख ४० हजारांना पडली. रंगवली असती तर हे दाम आले नसते, याबद्दल पेठेत दुमत नाही.

तिची बहीण, ५५८, मेक्सिकोतल्या भंगाराच्या आवारात पडली होती. घेणाऱ्यांचा बेत होता तिचे रूप पालटून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या प्रसिद्ध मस्टँगची प्रतिकृती करण्याचा. काम चालू झाल्यावर कोणीतरी क्रमांकाची चौकशी केली, आणि २०१७ साली मार्टी यांनी ती तीच असल्याचा निर्वाळा दिला. चार दिवसांचा उशीर झाला असता तर यंत्राने तिचा इतिहास खरवडून टाकला असता.

इथे एक प्रश्न उरतो, आणि त्या पेठेत त्यावर मोकळेपणाने बोलले जात नाही. खेडोपाडी हिंडून कोठारे धुंडाळणारे व्यापारी असतात. दाराच्या फटीतून एखादे नाक दिसते. दार ठोठावले तर वृद्ध बाई पुढे येतात. पती जाऊन दहा वर्षे झालेली, मुले शहरात, ‘तो डबडा’ कोणी नेला तर जागा मोकळी होईल. व्यापारी धूळ पुसून क्रमांकातले पाचवे अक्षर वाचतो. बाई विचारतात, “काय द्याल?” कायदा येथे बहुधा काहीच म्हणत नाही. गाडी ‘जशी आहे तशी’ विकली, दाखल्यावर सही झाली, रोकड मोजली, व्यवहार पुरा. पुढे ती लिलावात लाखोंना गेली की त्या व्यापाऱ्याच्या नजरेचे कौतुक होते.

कौतुकाला आधार आहेच. शेकडो रिकामी कोठारे त्याने पाहिली, वर्षानुवर्षे अभ्यास केला, गाडी नकली निघण्याचा धोका पत्करला. ज्ञानाला मोल नसेल तर व्यापारालाच मोल नाही. पण बाईंनी जो भाव विचारला तो जाणकाराला विचारला होता, आणि त्याने अजाण असल्याचा आव आणून उत्तर दिले, हे त्या कौतुकात कोठे बसते, ते मला सांगता येत नाही. विशेष म्हणजे दुसरी वाट त्याच पेठेत आहे, आणि ती आपल्या अडतीहून निराळी नाही. व्यापारी म्हणतो, “ही गाडी मोलाची आहे, मी अडतीवर विकून देतो.” कागद शोधणे, पारख करवून घेणे, लिलावात नेणे हे सारे तो करतो आणि ठरलेली टक्केवारी घेतो. भाव जितका चढेल तितकी त्याचीही कमाई चढते, आणि बाईंच्या हाती पेठेचा खरा भाव पडतो. नफा कमी होतो खरा. परंतु त्याच गावातले दुसरे दार ठोठावायला तो पुन्हा जाऊ शकतो. नावलौकिकावर पेढ्या चालवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावे लागले नसते.

या प्रश्नाची निकड आता वाढली आहे. १९६९ साली जो अठरा वर्षांचा होता त्याने सत्तरी कधीच ओलांडली आहे. गाड्या गोळा करणारी पिढी थकते आहे, आणि तिच्या मुलांना या गाड्यांविषयी तितकी ओढ असेलच असे नाही. त्यांच्या तरुणपणीच्या स्वप्नांत जपानी गाड्या होत्या. त्यामुळे घरोघरीची गॅरेजे उघडली जात आहेत, माल एकाच वेळी बाजारात येत आहे. सामान्य गाड्यांचे भाव अशा वेळी पडतात. नामांकित आणि कागदपत्रांसह असलेल्या तेवढ्या उभ्या राहतात. तेथील सुज्ञ संग्राहक म्हणूनच हयातीतच वही करून ठेवतात : प्रत्येक गाडीचे बिल कोठे आहे, इंजिन कोणते, काय बदलले, काय मूळचे, विकायची वेळ आली तर कोणाला विचारावे.

जिथे अशी वही नसते तिथे वारस आठ दिवसांची रजा काढून येतात. गॅरेज रिकामे करायचे असते. गाडीच्या मागे भिंतीला टेकून एक जुने आसन उभे असते, फाटलेले, उंदरांनी कुरतडलेले. वडिलांनी ते बदलून घेतले होते आणि का कोणास ठाऊक, टाकले मात्र नव्हते. मुलगा ते उचलतो आणि कचऱ्याच्या गाडीत ठेवतो. त्याच्या स्प्रिंगांत हात घालून पाहावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.